साडेसहाचे झेंडे

१

ज्या साली नलूच्या लेकीचं नाव मयुरी ठेवलं, ते साल दोन हजार तीन. नामकरण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, नाचणगावला आजोळी झालं. त्या दिवशी नलूचे काका भैयाजी ताकसांडेंनी नातीसाठी पाळणा शिवून आणला. लाकडाचा नव्हे, शिडाच्या जाड कापडाचा, कडेनं दुहेरी शिवण आणि चारही कोपऱ्यांना पितळी कड्या. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. भैयाजी मात्र गंभीरपणे म्हणाले, "हिले पान्याचं भेव वाटाचं नाई."

दीड महिन्यानं, पंचवीस फेब्रुवारीच्या सकाळी, तेच भैयाजी आपल्या घरात जिन्याच्या पायथ्याशी पालथे पडलेले सापडले. डोकं मागून फुटलं होतं. कपडे धुण्याची लाकडी मोगरी दोन पायऱ्या वर पडली होती.

ते सापडले धम्मदीपला. धम्मदीप म्हणजे भैयाजींच्या वारलेल्या थोरल्या भावाचा मुलगा, नलूचा भाऊ. रोज पावणेसातला तो काकाकडे चहाची किटली घेऊन जायचा. त्या दिवशीही गेला आणि पाच मिनिटांत ओरडत बाहेर आला. त्याची आई मनकर्णाबाई नुकतीच शेतातून येत होती. हातातलं सारं टाकून ती धावली.

दाराशी पोचल्यावर तिला आधी रडू आलं नाही. आधी भीती वाटली. दिराच्या डोक्याकडं पाहायच्याही आधी तिनं पोराच्या हातांकडं पाहिलं.

त्याला कारण होतं. आदल्या संध्याकाळी काका-पुतण्यांचं भांडण अर्ध्या आळीनं ऐकलं होतं. भैयाजींना वाटायचं, पोरानं नौदलाचा फॉर्म भरावा. पोराला पाण्याचा धसका होता. शब्दाला शब्द लागला आणि धम्मदीप जाता जाता म्हणाला होता, "मरा तुमी तुमच्या जहाजायसंगं."

हात स्वच्छ होते. किटली सांडल्यानं एका हातावर चहा होता, एवढंच.

लोक जमू लागले. कोणीतरी वर बोट दाखवलं. स्लॅबवरच्या काठीला दोन झेंडे तसेच होते, वर लाल, खाली काळा. मेलेल्या माणसाच्या घरावर झेंडे, हे मनकर्णाबाईला बघवेना. ती भिंतीला घसटत, प्रेताला वळसा घालून वर गेली आणि दोरी सोडून झेंडे उतरवले. कापड हाताला गार आणि जड लागलं. रोजच्या सवयीनं तिनं ते पिळलं. मनगटावरून काही थेंब कोपरापर्यंत ओघळले. तिनं ते पदराला पुसले आणि झेंडे काखेत मारून खाली आली.

तेव्हा तिला त्यात काही वाटलं नाही.

२

भैयाजींच्या घरावर झेंडे का होते, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

भैयाजी एकोणीस वर्षांचे असताना नौदलात गेले ते पन्नाशीला परत आले. तिथं ते शिडं शिवायचे. ज्या जिल्ह्यात समुद्र नाही, मोठी नदीही उन्हाळ्यात गुडघाभर उरते, तिथं हा माणूस रोज सकाळी छतावर उभा राहून वारा कुठून येतो ते वहीत लिहून ठेवायचा. गळ्यात दुर्बीण. पोरं त्यांना कप्तान म्हणायची. ते रागावत नसत.

त्या वर्षी फेब्रुवारीत सारा गाव क्रिकेटच्या विश्वचषकात बुडाला होता. भैयाजी दुसराच सामना पाहत होते. न्यूझीलंड आणि स्वित्झर्लंड या दोन देशांच्या शिडाच्या बोटींची शर्यत. पाच शर्यती जो आधी जिंकेल त्याचा चषक. चषकाचं नाव अमेरिका कप, आणि खेळायला अमेरिका नाही, यावरून चहाच्या टपरीवर त्यांची खूप टर उडवली गेली. भैयाजी ज्याला त्याला एकच गोष्ट समजावून सांगायचे, "अरे, त्या स्वित्झर्लंडले समुद्रच नाई. आपल्यावानी. अन् तेच पुढं हायेत." पहिल्या तिन्ही शर्यती स्वित्झर्लंडनं जिंकल्या होत्या.

शर्यत तिकडं दुपारी सुरू व्हायची, तेव्हा आपल्याकडं पहाटेचे पावणेसहा वाजलेले असायचे. भैयाजी चारला उठत, आंघोळ करत, पावणेसहाला टीव्हीपुढं बसत. साडेसहाच्या सुमारास सूर्य वर आला की स्लॅबवर जाऊन झेंडा चढवत. स्वित्झर्लंडचा लाल, पांढऱ्या फुलीचा. न्यूझीलंडचा काळा, कारण त्यांची बोट काळी. जो पुढं तो वर. शर्यत रद्द झाली तर दोन्ही झेंडे घडी करून ठेवायचे आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा तिसराच झेंडा लावायचा. हे कापड मनकर्णाबाईच्या जुन्या परकराचं होतं, म्हणून तो तिला दुरूनही ओळखू यायचा. सूर्य उगवायच्या आधी झेंडा वर नाही आणि बुडाल्यावर वर राहायचा नाही, हा त्यांचा नियम होता. नौदलातल्या एकतीस वर्षांत आणि नंतरही तो मोडला नव्हता.

काठीची कप्पी गंजलेली होती. झेंडा चढताना ती अशी करकरायची की समोरचे सदाशिवराव रोज शिव्या देत उठायचे.

तर त्या पंचवीस तारखेला साडेसहाला गावानं दोन झेंडे पाहिले होते. म्हणजे साडेसहाला भैयाजी जिवंत होते. आणि पावणेसातला घरात एकटा धम्मदीप गेला होता.

दुपारी पोलीस धम्मदीपला चौकशीला पुलगावला घेऊन गेले. जीपमध्ये बसताना तो आईला फक्त एवढंच म्हणाला, "माय, मी गेलतो तवा ते थंडे होते."

जीप वळणाआड गेली. मनकर्णाबाईला वाटलं, हे वाक्य त्यानं पाठ करून ठेवलं होतं का? आणि असं आपल्याला वाटलं, याचीच तिला मग जास्त भीती वाटली.

३

तपास महादेवराव जमादारांकडं आला. निवृत्तीला दोन महिने उरलेले, शरीर जड, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. ते फार बोलत नसत. सेवाग्रामच्या दवाखान्यातून डॉक्टरांनी तोंडी कळवलं होतं, मृत्यू पहाटे तीन ते सकाळी सातच्या दरम्यानचा. "तीन ते सात म्हंजे काईच नाई," जमादार म्हणाले आणि गावात दारोदार हिंडायला लागले.

प्रत्येकाला त्यांनी एकच गोष्ट विचारली. झेंडा पाहिला का? सगळ्यांनी पाहिला होता. दूधवाल्यानं, नळावरच्या बायकांनी, शाळेच्या शिपायानं. मग ते हळूच विचारत, "चढताना पाह्यला का?"

इथं माणसं अडखळत होती. चढताना कुणीच पाहिला नव्हता. उजाडलं तेव्हा तो होताच. रोज साडेसहाला चढतो, म्हणून साडेसहाला चढला असणार, असं प्रत्येकानं आपल्या मनानं धरलं होतं.

सदाशिवराव धान्याचे व्यापारी, आता दुकान मुलाकडं. भैयाजींशी त्यांचं कप्पीवरून रोजचं वाजायचं. एकदा त्यांनी सगळ्यांदेखत म्हटलंही होतं की एक दिवस ती काठीच तोडून टाकतो. जमादारांनी त्यांना तास-दीड तास बसवून ठेवलं. ते घरात एकटे होते, झोपलेले होते, साक्षीला कोणी नव्हतं.

"म्हंजे म्या मारला?" सदाशिवराव चिडून म्हणाले. "म्या तं त्या दिवशी सातपर्यंत झोपलो होतो. बायको गेल्यापासून पयल्यांदा. त्या पोट्ट्याच्या बोंबेनं उठलो."

"रोज तं साडेसहाले उठता ना तुमी? कप्पी करकरली की."

 सदाशिवरावांनी चष्मा काढून पुसला. "खरंच का," ते म्हणाले. "त्या दिवशी कप्पी वाजलीच नाई जी."

तिसरा माणूस प्रफुल. पुलगावचा केबलवाला. घराणं कापडाच्या दुकानाचं, पण यानं केबलचा धंदा काढला, आणि नाचणगावातली प्रत्येक जोडणी त्याची. बोटींच्या वाहिनीवरून भैयाजी त्याच्यावर सतत वैतागलेले असायचे, कारण तो मधेच ती बंद करून दुसरंच काही लावायचा. अलीकडं मात्र, विशेषतः शर्यत सुरू झाल्यापासून, तो दर दिवसाआड भैयाजींकडं येत होता. सिग्नल नीट आहे का बघायला, असं म्हणायचा.

प्रफुलची बाजू पक्की होती. त्या दिवशी तो पहाटे पाचलाच पुलगाव स्टेशनवर होता. नागपूरला यंत्र आणायला निघाला होता. फलाटावरच्या सात-आठ जणांना त्यानं स्वतःच्या पैशानं चहा पाजला होता, सगळ्यांना ते आठवत होतं. तो कधी कुणाला चहा पाजत नसे, म्हणून जास्तच आठवत होतं. साडेसहाला तो गाडीत होता.

संध्याकाळी जमादार मनकर्णाबाईच्या ओट्यावर येऊन बसले. त्यांच्या हातात भैयाजींची वाऱ्याची वही होती.

"तुमाले वाचता येते ना?"

येत होतं. साक्षरतेचा वर्ग चालू झाला तेव्हा भैयाजींनीच तिला बळंच नेऊन बसवलं होतं. घरी तेच अक्षरं गिरवून घ्यायचे. हे अक्षर म्हणूनच तिच्या ओळखीचं होतं. तिनं बोट ठेवून एक एक शब्द जुळवला.

चौदा जानेवारी. वारा नाही. तार वाऱ्याने तुटली म्हणतात.

तिचं बोट तिथंच थांबलं. चौदा जानेवारीला संक्रांत होती. त्याच दिवशी तिची मैत्रीण मंदाबाई शेतात ओलीत करताना, पिकाला पाणी देताना, विजेच्या तारेला चिकटून गेली होती. पंचनाम्यात लिहिलं गेलं, वाऱ्यानं तार तुटून पडली.

"पुढं वाचा," जमादार म्हणाले.

पंधरा फेब्रुवारी. पहिली शर्यत. स्वित्झर्लंड. त्याला मुदत दिली. शर्यत संपेपर्यंत.

सोळा आणि अठराला पुन्हा स्वित्झर्लंड, मग पुढची पानं जवळजवळ सारखीच होती. एकोणीस, वारा नाही, शर्यत नाही. वीस, शर्यत नाही. असं चोवीसपर्यंत. शेवटच्या ओळीखाली उरलेलं पान कोरं होतं.

"त्याले म्हंजे कोनाले?" जमादारांनी विचारलं.

मनकर्णाबाईला माहीत नव्हतं. पण गावात कोणीतरी एक माणूस दहा दिवस रोज सकाळी झेंड्याकडं बघत होता, शर्यत संपली की नाही हे पाहायला, एवढं तिला कळलं. तिनं आळीतल्या घरांकडं नजर टाकली. सगळ्या दारांत दिवे लागले होते.

४

दुसऱ्या दिवशी नळावर बायकांनी तिला घेरलं. कोणी धीर देत होतं, कोणी नुसतंच बघत होतं. कोणीतरी विचारलं, झेंडे तूच काढले ना? ती बोलून गेली, हो, चिंब होते, पिळून ठेवले. बोलणं तिथंच संपलं.

संध्याकाळी प्रफुलची लुना ओट्यापुढं थांबली.

तो कधी तिच्या घरी आला नव्हता. आज आला, ओट्यावर बसला, पाणी मागून प्याला. धम्मदीपसाठी वकील बघून देतो म्हणाला. भैयाजींसारखा माणूस पुन्हा होणार नाही म्हणाला. मनकर्णाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. आत नलू मयुरीला झोका देत होती. कापडी पाळण्याच्या कड्यांचा बारीक आवाज येत होता.

"मावशी, ते झेंडे कुठी हायेत?"

"पेटीत ठेवले. काऊन?"

"काई नाई. आठवन म्हून मांगत होतो." त्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला. "नळावर तुमी म्हनत होत्या म्हंते, झेंडे वल्ले होते. वल्ले कायले राहतीन? पाऊस ना पानी."

 हा हे का विचारतोय, ते मनकर्णाबाईला अजून कळलं नव्हतं. पण ओल्या झेंड्यासाठी पुलगावहून कोणी दोन किलोमीटर येत नाही, एवढं तिला कळलं.

"माह्या हाताचा घाम असन, बाबू," ती म्हणाली. "त्या दिवशी मले कायचं भान होतं."

 प्रफुल हसून उठला. जाताना वाकून दारातून आत बघितलं.

"नलूची पोरगी इथंच हाय वाट्टे अजून. जपजो मावशी."

लुनाचा आवाज दूर जाईपर्यंत ती तशीच उभी होती. मग तिनं आत जाऊन दाराला कडी लावली, लेकीच्या हातातून मयुरी घेतली आणि छातीशी घट्ट धरून खाली बसली. नलूनं विचारलं, काय झालं?  

बसल्या बसल्या तिची नजर कोपऱ्यातल्या पांढऱ्या कापडावर गेली.

ते तिचं आंबेचं कापड होतं. थंडीत हरभऱ्याला फुलं-घाटे आले की ती रोज संध्याकाळी ते झाडांवर अंथरायची. रात्रभर पडलेलं दव आणि झाडावरची आंबट खार त्यात उतरायची. उजाडायच्या आत कापड पिळलं की वाटीभर आंब निघायची, पोटदुखीवर अर्धी आळी तिच्याकडूनच न्यायची. बारा वर्षं ती हे करत होती. कापड किती वेळ बाहेर राहिलं म्हणजे किती ओलं होतं, हे तिच्या बोटांना पाठ होतं. वारा असला तर काही नाही. आकाश मोकळं, वारा पडलेला, आणि कापड पहाटेच्या आधीपासून बाहेर, तरच ते पिळल्यावर पाणी देतं. सूर्य आल्यावर अंथरलेलं कापड पाणी देत नाही.

आणि पंचवीस तारखेच्या सकाळी झेंडा पिळल्यावर तिच्या मनगटावर थेंब आले होते.

ती उठली. भीती गेली नव्हती, पण तिला आता दिशा मिळाली होती. तिनं मयुरीला नलूकडं दिलं, दोघींना शेजारच्या घरात नेऊन बसवलं, पेटीतले झेंडे पदराखाली घेतले आणि पुलगावच्या ठाण्याच्या रस्त्याला लागली. लुनाचा आवाज आला की ती झाडामागं जात होती. दोनदा गेली. दोन्ही वेळा दुसरीच माणसं होती.

५

सत्तावीस तारखेला सूर्य उगवायच्या वेळी महादेवरावांनी तिघांना भैयाजींच्या स्लॅबवर बोलावलं. मनकर्णाबाईला, सदाशिवरावांना आणि प्रफुलला. दोन शिपाई जिन्यावर होते. हवा अशी थांबलेली होती की आंजीकडच्या वीटभट्टीचा धूर उभाच्या उभा वर जात होता.

काठीवर काळा झेंडा लटकत होता. जमादार म्हणाले, तो त्यांनी स्वतः पहाटे चारला चढवला. आता लाल हातात घेतला आणि सगळ्यांसमोर चढवला. कप्पी करकरली. समोरच्या घरातलं कुत्रं भुंकलं. सदाशिवराव पुटपुटले, "हाच तो आवाज."

मग पंधरा मिनिटं दोन्ही झेंडे तसेच लटकत राहिले. जमादार खर्रा चघळत होते. मनकर्णाबाई काळ्या झेंड्याकडं पाहत होती. पाणी आलं नाही तर? आज दव कमी पडलं असलं तर? तर पोराच्या गळ्यातला फास तिनंच घट्ट केला, असं होणार होतं.

जमादारांनी दोन्ही झेंडे उतरवले, एक ताटली पुढं केली आणि म्हणाले, "पिळा, बाई."

तिनं आधी लाल पिळला. काही नाही. कापड कोरडंच.

मग काळा. बोटं आवळली, आणखी आवळली. ताटलीत एक थेंब पडला. मग दुसरा. मग ओळीनं सात-आठ.

"म्हंजे असं," महादेवराव शांतपणे म्हणाले. "त्या दिवशीचे झेंडे साडेसहाले चढलेच नाई. पहाटेच चढले, अंधारात. अंधारात झेंडा भैयाजी चढवत नव्हते, हे गावातलं शेंबडं पोट्टं बी सांगन. दुसऱ्यानं चढवले, सावकाश ओढून, कप्पी वाजू न देता. काऊन? भैयाजी साडेसहाले जिता होता, असं गावाले वाटावं म्हून. अन् असं कोनाले पायजे? ज्याच्यापाशी साडेसहाची साक्ष हाय त्याले. धम्मदीपले तं या झेंड्यानंच गुतवलं. सदाशिवराव, तुमच्यापाशी साक्षच नाई, तुमी घोरत होते."

 प्रफुल हसायचा प्रयत्न करत होता.

"दवाच्या चार थेंबानं काय होते, साहेब," तो म्हणाला. "कोर्टात दव नेसान का?"

"बरोबर हाय," जमादार म्हणाले. "तुले एक सोपं विचारतो. त्या दिवशी शर्यत झाली का?"

"झाली ना. सिग्नल चालू ठेवूनच गेलतो मी. म्हून तं त्यानं दोन झेंडे लावले."

"शर्यत झाली नाई, प्रफुल." महादेवरावांनी खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. "अठरा तारखेनंतर एकबी झाली नाई. कधी वारा पडला, कधी उलटा फिरला. भैयाजींनी पावणेसहाले टीव्ही पाह्यला असता, तं पट्ट्यांचा झेंडा लावला असता. दोन झेंडे लावणाऱ्याले पावणेसहापर्यंत थांबाले येळ नव्हता. त्याले पाचले फलाटावर जाऊन लोकायले चहा पाजाचा होता."

प्रफुल खाली, आपल्या लुनाकडं बघत होता. जिन्यावरचा शिपाई एक पायरी वर आला.

मनकर्णाबाईनं ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

"मंदी कशानं मेली, प्रफुल?"

तो तिच्याकडं वळला.  मग कठड्याला टेकून खाली बसला आणि बसल्या बसल्या बोलू लागला, कोणाकडं न बघता.

केबलची लाइन शेतातून नाचणगावला येत होती. मध्ये सिग्नल वाढवायचा डबा होता, त्याला वीज लागायची. त्यानं विजेच्या खांबावर चोरून आकडा टाकला होता. आकड्याची उघडी तार धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, सुटून पडली, ओल्या मातीत. मंदाबाई तिला चिकटून तिथंच मेली. लोक यायच्या आत त्यानं आपली तार गुंडाळली आणि वरची खरी तार काडकन तोडून खाली सोडली, वाऱ्यानं पडली असं दिसावं म्हणून. पण चौदा जानेवारीला वारा नव्हता, आणि भैयाजी स्लॅबवर दुर्बीण घेऊन उभे होते.

भैयाजींनी त्याला बोलावून सांगितलं होतं, तू स्वतः ठाण्यात जा. शर्यत संपेपर्यंत वाट पाहतो, मग मी जातो.

"मी रोज पाहत होतो," प्रफुल म्हणाला. "तिकडं वारा सुटला का नाई. रोज वाटे, आज सुटला तं उद्या मी संपलो. तीन झाल्या होत्या. दोन उरल्या होत्या. सायाचा वारा सुटतच नव्हता, अन् माहा जीव बी जात नव्हता. मले झोप नाई दहा दिवस."

त्या पहाटे तो त्यांची विनवणी करायला आला होता, असं तो म्हणाला. भैयाजींनी दार उघडलं, ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. मग पाठ करून जिना चढायला लागले.

मोगरी न्हाणीच्या दारातच होती.

६

धम्मदीप अठ्ठावीसला संध्याकाळी घरी आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. मनकर्णाबाईनं त्याच्या हातावर भाकर ठेवली आणि म्हणाली, "म्या तुह्या हाताकडं पाह्यलं होतं, बाबू. त्या दिवशी." तो म्हणाला, "पाह्यलं होतं ते मले दिसलं, माय."  त्यानं भाकर खाल्ली.

दुसऱ्या दिवशी भारत-पाकिस्तानचा क्रिकेटचा सामना होता आणि केबलवाला कोठडीत असल्यानं सारं नाचणगाव कोऱ्या पडद्यासमोर बसलं होतं. लोकांनी प्रफुलला इतक्या शिव्या दिल्या की खुनाबद्दल दिल्या होत्या त्याहून जास्त झाल्या, असं सदाशिवराव म्हणाले. ते ऐकून मनकर्णाबाईच्या घरात, मयुरीच्या पाळण्यापाशी, इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणी हसलं.

म्हणून दोन मार्चची शर्यत गावात कोणी पाहिली नाही. तीन तारखेला सदाशिवराव वर्तमानपत्र घेऊन स्वतः चालत आले. खेळाच्या पानावर, अगदी खाली, चार ओळी होत्या. स्वित्झर्लंडनं चौथीपाठोपाठ पाचवी शर्यतही जिंकली होती. ज्यांच्या देशात समुद्र नाही त्यांनी चषक घरी नेला होता.

चार मार्चला सूर्य वर आल्यावर मनकर्णाबाई आणि धम्मदीप स्लॅबवर गेले. धम्मदीपनं लाल झेंडा दोरीला लावला आणि ओढला. कप्पी करकरली. समोरच्या घरात सदाशिवराव जागे झाले. त्यांनी त्या दिवशी शिव्या दिल्या नाहीत. खिडकी उघडून थोडा वेळ वर पाहत राहिले.

मग हलका वारा सुटला. जमादारांनी नक्कल करून परत दिलेली भैयाजींची वही मनकर्णाबाईनं उघडली आणि पंचवीस तारखेच्या कोऱ्या जागेवर, एक एक अक्षर जुळवत, दोन ओळी लिहिल्या.

मंदाबाई चौदा जानेवारी दोन हजार तीनला, संक्रांतीच्या दिवशी, प्रफुलच्या तारेनं मेली. भैयाजी ताकसांडे पंचवीस फेब्रुवारी दोन हजार तीनला पहाटे मेले, त्या दिवशी वारा नव्हता.